शेऱ्याचा रकाना

कुटुंब न्यायालयाच्या पहिल्या मजल्यावर, पॅसेजच्या अगदी टोकाला, भेटीची खोली आहे. नवरा-बायको वेगळे झालेत, खटला चालू आहे, मूल एकाकडे आहे आणि दुसऱ्याला त्याला भेटायचं आहे, असं असलं की न्यायाधीश आदेश देतात: अमुक शनिवारी, अमुक वाजता, एक तास, याच खोलीत. खोलीला दोन दारं आहेत. एका दारातून मूल आणणारा येतो, दुसऱ्या दारातून भेटणारा. दोघांची गाठ पडू नये म्हणून ही सोय. एके काळी एका पांघरुणात झोपलेली माणसं ही, पण आता समोरासमोर आली तर पॅसेजमधल्या कुंड्याही शाबूत राहत नाहीत. तिथे आता कुंड्याच ठेवत नाहीत.

या खोलीचा कारभार एकोणीस वर्षं एकाच शिपायाकडे होता. वकील त्याला पाठीमागे मिनिटकाका म्हणत. काकांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. तीनची भेट म्हणजे तीनला सुरू, चारला बंद. तीन वाजून सात मिनिटांनी आलेल्या बापाला चार वाजून सात मिनिटांपर्यंत थांबायला मिळत नसे. बाप गयावया करायचे, आया डोळ्यांत पाणी आणायच्या, एका आजोबांनी तर काकांची दाढी धरायचीच बाकी ठेवली होती. काका हलायचे नाहीत. ‘तुम्हाला सात दिली तर तिकडचे सात मागतील,’ एवढंच म्हणायचे. त्यांच्या लेखी न्याय म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी मिनिटं, आणि खरं सांगायचं तर त्या इमारतीत बऱ्याच शिकल्यासवरलेल्या माणसांची न्यायाची कल्पना याहून फार मोठी नव्हती.

बाविसाव्या वर्षी काका न्यायालयात चिकटले. दहावी पास, अक्षर मोत्यासारखं आणि आवाज खणखणीत. त्यामुळे पहिली सोळा वर्षं दारात उभं राहून पुकारा करण्यात गेली. नवऱ्याचं नाव, मग ‘विरुद्ध’, मग बायकोचं नाव, आणि दोन्हींचं आडनाव एकच. सुरुवातीला त्या ‘विरुद्ध’पाशी त्यांची जीभ अडखळायची. पुढे ती सरावली. मग गुडघे दुखायला लागले, दिवसभर उभं राहणं जमेना, तेव्हा साहेबांनी त्यांना बसायचं काम दिलं. दप्तराची जुनी खोली रिकामी करून तिथे सतरंजी अंथरली होती, एक बुटकं टेबल आणि चार खेळणी ठेवली होती, आणि कुणीतरी हौसेने भिंतीवर जिराफ रंगवला होता. छत आड आल्यामुळे त्याची मान अर्ध्यातच संपली होती. दाराशी काकांची खुर्ची आणि खुर्चीपुढे भेटवही.

भेटवहीला आठ रकाने होते. तारीख, खटल्याचा क्रमांक, मुलाचं वय, आणणारा, भेटणारा, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. पहिले सात कुणीही भरावेत. आठव्याने काकांना सुरुवातीलाच हिसका दाखवला.

झालं असं की नवे असताना त्यांनी एका मुलाच्या नोंदीपुढे लिहिलं, ‘आई पढवून पाठवते असे वाटते.’ बापाच्या वकिलाने ते ओरडून वाचून दाखवलं. आईच्या वकिलाने विचारलं, हा शिपाई आहे की मानसशास्त्रज्ञ? तेव्हाच्या न्यायाधीश बाईंनी काकांना चेंबरमध्ये बोलावलं आणि शांत आवाजात झाडलं, “तुम्हाला काय वाटतं ते आम्हाला नको. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा.” शांत आवाजातलं बोलणं जास्त लागतं. काका घरी आले ते जेवलेच नाहीत. तेव्हापासून त्यांनी शेऱ्याला अशी कात्री लावली की काही वर्षांत तो दोन-तीन शब्दांवर आला.

पुढे घटस्फोट वाढले, तशा भेटीही वाढल्या. शनिवारी एका तासाला तीन-तीन कुटुंबं, तीन कोपऱ्यांत. तास संपला की तीन मुलं एकदम दाराशी, मागे तीन मोठी माणसं, बाहेर पुढची तीन ताटकळलेली. एवढ्या गर्दीत मोत्यासारखं अक्षर काढायला फुरसत कुठली? तेव्हा काकांनी डोकं चालवलं. बाजारात जाऊन त्यांनी स्वखुशीने पाच रबरी शिक्के करून आणले. भेट शांततेत पार पडली. मूल हसले. मूल रडले. मूल बोलले नाही. भेट झाली नाही. जांभळ्या शाईचं पॅड शेजारी उघडं ठेवायचं, बाहेर जाण्याची वेळ लिहायची आणि मुलाकडे एक नजर टाकून ठप्प. तेव्हाच्या अधीक्षकांनी बैठकीत त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं. अकरा वर्षं तो ठप्प आवाज त्या पॅसेजमध्ये घुमत होता.

त्या वर्षी एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस महिन्यातून दोन शनिवारी, तीन ते चार, येऊ लागला. मुलगी चार वर्षांची. तिची आई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तीच मुलीला आणायची, या दारातून आत सोडायची आणि बाहेरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसायची. दोघांत वाईट कोण, हे काकांनी कधी ठरवलं नाही. त्या खोलीत बसून एकोणीस वर्षांत ते एवढं तरी शिकले होते.

लिफ्टवाला खुर्चीवर बसायचा नाही. आला की बूट काढून सतरंजीवर मांडी घालायचा आणि मुलगी त्याच्या डोक्याचा ताबा घ्यायची. तिच्याकडे रंगीत चिमट्यांची डबी होती. एकेक चिमटा बापाच्या केसांत खोचता खोचता ती त्याला दरडावायची, “हलू नको म्हटलं ना! पार्लरमध्ये हलत नाहीत.” तो बिचारा मान खाली घालून तासभर हलायचा नाही. एकदा तर तो दोन पिवळे चिमटे तसेच डोक्यात घेऊन जिना उतरला, आणि खाली दोन वकिलांनी त्याला बघून हसू दाबलं.

चार वाजता मात्र जीव नकोसा व्हायचा. काका म्हणायचे, “चला, वेळ झाली.” की मुलगी बापाच्या शर्टाचा खिसा मुठीत धरायची आणि भोकाड पसरायची. बाप ती मूठ ओढून सोडवायचा नाही. एक-एक बोट उघडायचा, प्रत्येक बोटाला काहीतरी पुटपुटायचा, पण तोवर पुढची कुटुंबं आत शिरलेली असायची आणि काकांनी वेळ लिहिलेली असायची. ठप्प. मूल रडले.

पाच महिन्यांनी भेटीच्या खोलीला एका आदेशाची प्रत आली. दहापैकी सात भेटींच्या वेळी मूल रडल्याची नोंद आहे, मूल वडिलांच्या सहवासात भयभीत असल्याचं सकृद्दर्शनी दिसतं, सबब समुपदेशकांचा अहवाल येईपर्यंत भेटी स्थगित. आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं: ‘भेटवहीतील निःपक्षपाती नोंदींवरून.’

आता खोटं कशाला बोला, काकांची छाती फुगली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कामाचा उल्लेख न्यायाधीशांच्या आदेशात पहिल्यांदाच आला होता. ‘निःपक्षपाती’ हा शब्द त्यांनी तीनदा वाचला. रविवारी सकाळी बायको खिडकीशी बसून लसूण सोलत होती. ती एका बालवाडीत मदतनीस होती, आणि मुलांची नाकं पुसण्यात तिचीही वीस-बावीस वर्षं गेली होती. काकांनी चहाचा कप हातात घेऊन, जरा आवाज लावूनच, सगळी हकिगत सांगितली.

“पोर रडायची कधी?” तिने विचारलं.

“कधी म्हणजे?”

“म्हणजे बाप आला की रडायची, का मध्येच, का कधी?”

“मध्ये कशाला रडेल? मध्ये तर त्याच्या डोक्यावर नाचायची. वेळ संपली की रडायची. खिसाच सोडायची नाही त्याचा.”

बायकोचे हात थांबले. “अहो, मग ती बापाला घाबरून रडायची का बाप जातो म्हणून?”

काकांनी कप खाली ठेवला.

“आमच्याकडे रोज सकाळी दाराशी वीस पोरं रडतात,” ती म्हणाली. “आई सोडून चालली म्हणून. तेवढं बघून कुणी म्हणालं की ही पोरं आईला घाबरतात, तर चालेल का? तुम्ही लिहायचं नाही का तसं?”

“कारण लिहायचं नसतं. दिसतं तेवढंच लिहायचं.”

“तुम्हाला तासभर दिसत होतं की. मग शेवटचं मिनिटच तेवढं का लिहिलं?”

ती काही टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि काकांना लागलं ते त्यामुळेच.

सोमवारी त्यांनी जुन्या वह्या काढल्या. आधी त्या मुलीच्या नोंदी पाहिल्या. सात वेळा मूल रडले. एकदा भेट झाली नाही, तेव्हा तिला ताप होता. दोनदा भेट शांततेत पार पडली. त्यातली एक त्यांना लख्ख आठवली. त्या दिवशी मुलगी बापाच्या खांद्यावर झोपून गेली होती आणि झोपेतच आईकडे गेली. म्हणजे जागी असताना ती एकदाच रडल्याविना गेली होती.

मग ते मागे मागे जात राहिले. जांभळ्या शिक्क्यांची पानंच्या पानं. एक मुलगा होता, नऊ-दहा वर्षांचा. पूर्ण तास जिराफाकडे तोंड करून उभा राहायचा, बापाने हाक मारली की मान आणखी खाली घालायचा, आणि वेळ संपली की जवळजवळ पळतच, दाराबाहेर. दाराशी तो रडायचा नाही. सुटल्याचा आनंद असायचा त्याला. काकांनी बोट ठेवून वाचलं. भेट शांततेत पार पडली. भेट शांततेत पार पडली. सलग सहा. त्या सहा शिक्क्यांवर त्या मुलाला पुढे सगळी सुट्टी बापाकडे राहायचा आदेश झाला होता, हेही काकांना आठवलं, कारण तेव्हाही वहीची नक्कल मागायला वकील आला होता आणि काकांनी ती मोठ्या ऐटीत काढून दिली होती.

ज्या मुलांना सोडून जाणं जिवावर यायचं, ती त्यांच्या वहीत रडत होती, आणि ज्यांना पळून जायचं होतं, ती शांत होती. त्यांची वही खोटी नव्हती, पण उलटी होती. काका खुर्चीत बसून राहिले. पाण्याचा पेला समोर होता, तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

अधीक्षक वयाने त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण हुशार माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि म्हणाला, “काका, तुम्ही हे मला सांगितलंत आणि मी ऐकलं नाही.”

“अहो साहेब, पण ती मुलगी...”

“त्या मुलीचं समुपदेशक बघतील. तुम्ही एक नोंद चुकली म्हणालात की लोक विचारणार, बाकीच्यांचं काय? अकरा वर्षांचे खटले उकरले जातील. निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमचे. नाकासमोर चालत आलात, तसेच घरी जा.”

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि काकांना ते पटलंही. भित्र्या माणसाला पटायला फार वेळ लागत नाही. समुपदेशकांकडे तारीख दीड महिन्यांनंतरची होती; त्या बाई चांगल्या होत्या, त्यांच्या लक्षात येईलच, असं काकांनी स्वतःला समजावलं. दोन आठवडे त्यांनी तसेच काढले. शिक्के मात्र त्यांच्या हातून उचलले जाईनात. ते हाताने लिहीत होते, आणि काय लिहावं ते कळत नसल्यामुळे रकाना बराचसा कोराच सोडत होते.

तिसऱ्या शनिवारी, तीनला पाच मिनिटं कमी असताना, लिफ्टवाला पॅसेजमध्ये येऊन बाकावर बसला.

“तुमची भेट बंद आहे,” ते म्हणाले. “आदेश मिळाला नाही का?”

“मिळाला ना काका.”

“मग?”

“कामावर या दोन शनिवारची सुट्टी लागलेलीच आहे. घरी बसून करू काय? तीन ते चार आमची वेळ आहे. बसतो इथे.” आणि मग जरा घाबरून, “बसलं तर चालेल ना? आत येत नाही मी.”

चालेल की नाही, याचा नियम कुठेच नव्हता. काकांनी मान हलवली. तो तासभर तिथे बसला. मोबाइलही पाहिला नाही त्याने. आतून दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचं हसू ऐकू आलं की मान वर करायचा. चारला उठला, “येतो काका,” म्हणाला आणि जिन्याने खाली गेला. लिफ्ट चालू होती, पण स्वतःच्या कामाच्या वस्तूला सुट्टीच्या दिवशी हात लावायचा नाही, असं त्याचं काहीतरी असावं. दोन आठवड्यांनी तो पुन्हा आला, पुन्हा बसला, पुन्हा गेला. भेटी कशामुळे थांबल्या हे त्याला माहीत होतं; वहीतलं वाचून दाखवलं गेलं तेव्हा तो हजर होता. वही लिहिणाऱ्याला त्याने त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर काकांना सोसलं असतं.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी कोरा कागद घेतला आणि कित्येक वर्षांनी पुन्हा मोत्यासारख्या अक्षरात, न्यायाधीशांच्या नावे अर्ज लिहिला. बायकोने तो वाचला. “नोकरी जाईल का?” तिने विचारलं. “जाणार नाही. अब्रू जाईल,” काका म्हणाले. ती म्हणाली, “पोरीचा बाप गेलाय, त्याचं काय ते बघा आधी,” आणि कागदाची घडी घालून त्यांच्या खिशात ठेवली.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी तो अर्ज भर कोर्टात वाचला आणि काकांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावलं. ज्या दारात उभं राहून त्यांनी सोळा वर्षं लोकांना बोलावलं होतं, त्याच दारातून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. आपलं नाव असं मोठ्याने ऐकताना कसं वाटतं, ते त्यांना तेव्हा कळलं. दुखरा गुडघा धरून ते दोन पायऱ्या चढले. शपथ घेताना त्यांचा खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे.

त्यांनी सगळं सांगितलं. शिक्के टेबलावर ठेवले. तास कसा जायचा, चिमटे कसे लागायचे, मुलगी कशी दरडावायची आणि चारला काय व्हायचं. आपण शिक्का कधी मारायचो, तेही सांगितलं.

आईचे वकील उठले. चांगले मुरलेले होते. “म्हणजे तुमची वही खोटी आहे?”

“खोटी नाही साहेब. अर्धी आहे.”

“या एका मुलीच्याच बाबतीत बरी तुमची वही अर्धी निघाली? वडिलांची आणि तुमची ओळख केव्हापासूनची?”

इथे काकांना पळवाट होती. गर्दी होती, त्या दिवशी चूक झाली, असं काहीतरी म्हणता आलं असतं. मुलीला बाप मिळाला असता आणि बाकीची अकरा वर्षं झाकून राहिली असती. दारापाशी अधीक्षक उभे होते आणि डोळ्यांनी तेच सांगत होते.

“या एकाच मुलीच्या नाही साहेब,” काका म्हणाले. “सगळ्यांच्या.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “सगळ्यांच्या म्हणजे किती?”

“शिक्के आल्यापासून अकरा वर्षं. मी नेहमी निघतानाच बघितलं. जी मुलं जीव लावून होती ती रडली, आणि मी तेवढंच छापलं. किती जणांचं त्यामुळे काय झालं, ते मला माहीत नाही. मी मोजायला बसलो होतो, पण मला मुलांचे चेहरेच आठवत नाहीत. काहींचे आठवतात.”

तेवढ्यात मुलीची आई जागेवरून उठली. पक्षकाराने असं मध्येच उठायचं नसतं. वकिलांनी हाताने खाली बस म्हणून खुणावलं, पण तिचं लक्ष नव्हतं.

“ती बाहेर यायची तेव्हा डोळे सुजलेले असायचे हो,” ती काकांना म्हणाली. “रात्री जेवायची नाही. विचारलं तर सांगायची नाही. मी काय समजायचं? मला कुणी सांगितलं असतं तर... दाराच्या पलीकडेच तर होते मी. तुम्ही दर वेळी बघत होतात ना?”

“बघत होतो, ताई,” काका म्हणाले.

ती खाली बसली आणि पिशवीत तोंड खुपसून रडली. लिफ्टवाला तिच्याकडे बघत होता. पाणी द्यावं म्हणून तो अर्धवट उठला आणि आपल्याला आता तो हक्क नाही हे आठवून पुन्हा बसला.

भेटी पुन्हा सुरू करायचा आदेश झाला. शिक्के जप्त झाले, अकरा वर्षांच्या वह्या मागवल्या गेल्या, काकांना खुलासा विचारणारी नोटीस मिळाली. अधीक्षक त्यांच्याशी बोलेनासे झाले. ज्यांचे खटले त्या वह्यांवर फिरले होते, त्यांच्यापैकी दोघं-तिघं पॅसेजमध्ये येऊन काकांना नको ते बोलून गेले. एका आईने तर विचारलं, “माझी मुलगी आता अठराची आहे. तिचं लहानपण कुठून आणून देता?” काकांनी सगळं उभं राहून ऐकलं. नवा माणूस मिळेपर्यंत खोली त्यांच्याकडेच राहिली, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं.

आदेश हातात यायला, तारीख जमायला वेळ गेला. स्थगितीपासून मोजलं तर चार महिने झाले. चार वर्षांच्या मुलीचे चार महिने म्हणजे काय, हे कुठल्या आदेशात लिहिलेलं नसतं. त्या शनिवारी लिफ्टवाला अडीचलाच आला. काकांपुढे त्याने हात जोडले. “तुमचे उपकार फेडायचे कसे काका?” म्हणाला. काकांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. त्या तासाला दुसरं कुणी नव्हतं. तो बूट काढून सतरंजीवर बसला, हाताने केस नीट केले, पुन्हा विस्कटले.

तीन वाजता मुलगी आली. उंच झाली होती, केस कापले होते. आईने स्वतः तिला दारापर्यंत आणलं, वाकून कानात काहीतरी सांगितलं, पाठीवर हलका हात ठेवून पुढे केलं. यात आईचं काही चुकलं नाही, हे काकांनी डोळ्यांनी पाहिलं. मुलगी दोन पावलं आली आणि थांबली.

“ये ना,” बाप म्हणाला. “बघ, मी आलोय. डोकंपण आणलंय.”

ती आली आणि सतरंजीवर न बसता बुटक्या खुर्चीच्या कडेला बसली. बापाने विचारलं त्याची उत्तरं दिली. हो. नाही. शाळेत. हिरवा. चिमट्यांची डबी कुठे आहे विचारलं तर म्हणाली, “घरी आहे. मी आता मोठी झाले.” मध्ये एकदा ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “तुम्ही परत जाणार आहात ना?” पूर्वी ती त्याला अरे-तुरे करायची. बाप हसून म्हणाला, “आता दर दुसऱ्या शनिवारी येणार.” तिने मान डोलावली. मोठी माणसं एखादी गोष्ट फारशी न पटता ऐकून घेतात, तशी.

चारला काका काही बोललेच नाहीत. मुलीनेच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते तिला वाचता येत नव्हतं, पण ती उठली, पिशवी घेतली, फ्रॉक झटकला आणि “येते हं,” म्हणून आईच्या दाराने निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. बापाच्या खिशाकडे तिचा हात गेला नाही. बाप तसाच मांडी घालून बसलेला, उजवा हात खिशाच्या जवळ नेऊन तयार ठेवलेला.

मग तो म्हणाला, “काका, आज रडली नाही ती.”

काकांनी वही ओढली. पेन उचललं आणि लिहू लागले. रकाना लहान होता, अक्षर बाहेर पडलं, शेजारच्या कोऱ्या समासात गेलं. लिहून झाल्यावर त्यांनी खाली सही केली, उठले, आणि पक्षकाराला वही दाखवायची नसते तरी ती उघडी बापापुढे सतरंजीवर ठेवली. त्याने वाचलं: ‘मुलगी तासभर खुर्चीच्या कडेला बसून होती. वडील प्रेमाने बोलत होते. जाताना ती रडली नाही. पूर्वी रडायची, कारण तिला जायचं नसायचं. चार महिने भेट नव्हती. भेट थांबली ती माझ्या या वहीमुळे.’

लिफ्टवाल्याने ते दोनदा वाचलं. मग वही मिटून काकांच्या हातात दिली, बूट घातले, आणि पुढची तारीख विचारली.